हीटपंप पावसात गार पडला, मेकॅनिक म्हणतोय गॅस भरा. भरू का?

किनाऱ्यावरचा_यजमान
नमस्कार मंडळी. हर्णैच्या अलीकडे आमच्या १४ खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. आधी प्रत्येक बाथरूमला वेगळा गीझर होता, खाऱ्या हवेने दर दोन-तीन वर्षांनी कुठला ना कुठला सडायचाच. सोलर होतं ते २०२० च्या निसर्ग वादळात गेलं, काचेच्या नळ्यांचा चुरा महिनाभर वेचत होतो. शेवटी यंदा मार्चमध्ये हीटपंप बसवला. १० किलोवॅटचं मशीन, थ्री फेज, नेमप्लेटवर आर-४१०ए गॅस (आत फिरणारा, फ्रीजमध्ये असतो तसला), सोबत १००० लिटरची टाकी. एप्रिल-मेमध्ये एकदम झकास चाललं, पहाटे चारला सुरू केलं की सव्वासातपर्यंत टाकी ५५ डिग्री, बिलही निम्म्याहून कमी. आता जुलै लागला आणि सहा-सहा तास चालून काटा ४४ च्या वर जात नाही, मशीनखाली पाण्याचं थारोळं, आणि आतल्या जाळीवर पांढरं काहीतरी धरलेलं दिसतंय. मेकॅनिक आला, पाईपला हात लावला आणि म्हणाला गॅस कमी झालाय, उद्या येऊन भरतो. आकडा ऐकून पोटात गोळा आला. शनिवारी पुण्याची २२ माणसं येतायत भिजायला. भिजून आल्यावर गरम पाणी नसेल तर लोक काय काय लिहितात ते तुम्हाला माहितीच आहे.

बंबवाला_आजोबा
तांब्याचा बंब, नारळाची सोडणं आणि करवंट्या. चक्रीवादळात वीज तीन आठवडे नव्हती तरी आमच्याकडे कढत पाणी होतं. बाकी चालू द्या तुमचं.

मालवणी_झील
आजोबा 😀 पण खरा सांगू काय, माका ह्या मशीनचा गणितच समजना नाय. पाणी तापवता आणि भायर थंड वारो सोडता. ह्यो पंप आसा काय फ्रीज?

गारवा_सर्व्हिस
झील, तू चेष्टेत म्हणालास पण तो फ्रीजच आहे, उलटा बसवलेला. फ्रीज आतल्या भाजीतली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो ना, तसंच हा बाहेरच्या हवेतली उष्णता काढतो आणि पाण्यात टाकतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंख्याला. म्हणून १ युनिट वीज घातली की पाण्याला ३ ते ४ युनिटची उष्णता मिळते. १००० लिटर पाणी २७ वरून ५५ ला न्यायला साधारण साडेबत्तीस युनिट उष्णता लागते, साध्या हीटरला तेवढीच वीज, हीटपंपला साडेनऊच्या आसपास. गॅस गीझरवर तेच काम करायला सव्वातीन किलोच्या आसपास एलपीजी जळतो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर सहा दिवसांत खलास. बाहेरची हवा जितकी गरम तितकं मशीन खूश, त्यामुळे कोकणासारखी जागा नाही त्याला.

आता यजमान, तुमच्याकडे वळतो. मी रत्नागिरीला मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर कॉम्प्रेसर बघतो, त्या अनुभवावर सांगतो. गॅस आत्ता भरू नका. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, चार महिने चाललं की संपला असं होत नाही. यंत्रणा बंद असते. कमी झाला असेल तर गळतोय, गळतोय तिथे बहुतेक वेळा तेलाचा डाग दिसतो, तो आधी शोधायचा, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करायची, व्हॅक्यूम काढायचा आणि मग वजन करून भरायचा. पाईपला हात लावून गॅस कळत असता तर आम्ही गेज कशाला घेऊन फिरलो असतो. मला दोन गोष्टी सांगा. मशीन नक्की कुठे बसवलंय, आणि मे आणि जुलैच्या मध्ये त्याच्या आजूबाजूला काय बदललं?

किनाऱ्यावरचा_यजमान
मागील दारी, विहिरीच्या बाजूला. तीन बाजूंना चिऱ्याची भिंत आधीपासूनच होती, लाकडं ठेवायची जागा ती. आगोटीच्या वेळी, पावसाच्या तोंडावर, मी वर पत्रा टाकला आणि समोरून माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले, कारण पाऊस इथे सरळ पडतच नाही, आडवा येतो, आणि वर माड आहे, नारळ पडला पंख्यावर तर काय घ्या. एवढं दीड-पावणेदोन लाखांचं मशीन उघड्यावर ठेवायचं जिवावर आलं.

गारवा_सर्व्हिस
सापडलं. पंखा वर तोंड करून आहे का? आणि पत्रा पंख्यापासून किती वर?

किनाऱ्यावरचा_यजमान
हो वर तोंड. पत्रा दोन फूट असेल.

गारवा_सर्व्हिस
दादा तुम्ही मायेपोटी मशीनचं नाक दाबलंत. १० किलोवॅटच्या मशीनमधून सात किलोवॅटच्या आसपास उष्णता हवेतून काढली जाते, म्हणजे दोन टनाच्या एसीएवढा गारवा त्या लाकडाच्या खोपटात सोडला जातोय. थंड हवा जड, पत्र्याला आपटते, खाली उतरते आणि बाजूच्या जाळीतून परत आत. म्हणजे मशीन स्वतःचाच गार श्वास घेत बसलंय. हवा गार झाली की कॉइल, म्हणजे ती आतली जाळी, आणखी गार, शून्याखाली गेलं की त्यावर बर्फ, ते पांढरं काहीतरी तेच. बर्फ धरला की हवा जात नाही, हवा नाही की आणखी बर्फ. पाणी तापणार कुठून? उद्या सकाळी मशीन तासभर चालू द्या आणि जाळीसमोर एक थर्मामीटर धरा, एक अंगणात. तापाचा नको हो, तो ३५ च्या खाली दाखवतच नाही, स्वयंपाकघरातला किंवा फिशटँकचा चालेल.

किनाऱ्यावरचा_यजमान
मुलाच्या फिशटँकचा काढला. अंगणात २६. जाळीसमोर १३!! मी दोनदा बघितलं, आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली मग इथेच दही ठेवू या.

निवृत्त_वायरमन
झाप सोडा आणि पत्रा काढा, आत्ताच. ही मशीनं पावसात उभी राहण्यासाठीच बनवलेली असतात. पावसाचं पाणी त्याला मारत नाही, कोंडलेली हवा मारते. नारळाची भीती खरी आहे, माझ्या मेहुण्याच्या एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा असाच गेला. त्यावर उपाय म्हणजे चार अँगल उभे करून डोक्याच्या बऱ्याच वर मोठ्या भोकांची वेल्डेड जाळी, पत्रा नाही. किंवा माडाखालून मशीन हलवा, तेच उत्तम.

आणि यजमान, एक विचारतो, टाकीचे आणि पॅनेलचे फोटो टाकाल का? चाळीस वर्षं लोकांच्या पॅनेलमध्ये डोकं घातलंय, खोड जात नाही.

किनाऱ्यावरचा_यजमान
टाकतो काका. पत्रा काढला, झाप सोडले. पाऊस धो धो, मशीन भिजतंय, मला बघवत नाहीये 😅 दोन तासांत बर्फ गेला. फोटो चार आहेत: टाकी, पॅनेल उघडून, मशीनखालचं पाणी, आणि पाईपिंग.

निवृत्त_वायरमन
फोटो नीट बघितले, चष्मा पुसून. रागावू नका पण गार पाण्याचा प्रश्न सोडा, तुमच्याकडे त्याहून मोठं दुखणं आहे.

पहिल्या फोटोत टाकीच्या डोक्यावर सेफ्टी वॉल्व्ह असायला हवा तिथे पितळी डमी, म्हणजे नुसतं बूच, बसवलेली दिसतेय. दुसऱ्या फोटोत पॅनेलमध्ये फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलमध्ये निळ्या वायरचा लूप मारलाय. आणि टाकीच्या खालच्या बाजूला जो जाड केबल जातोय तो बॅकअप हीटरचा दिसतो. किती किलोवॅटचा आहे? आणि टाकीत पाणी वरच्या टाकीतून नुसतं उतारावर येतं का मध्ये प्रेशर पंप आहे?

किनाऱ्यावरचा_यजमान
हीटर ६ किलोवॅट. प्रेशर पंप आहे, शॉवरला फोर्स नाही म्हणून तक्रारी यायच्या म्हणून मे मध्ये लावला. तो लावल्यावर सेफ्टी वॉल्व्ह थेंब थेंब गळायला लागला, सारखी ओल, मग बसवणाऱ्याने "वॉल्व्ह खराब आहे" म्हणून काढून बूच मारलं. लूपचं मला काहीच माहीत नाही.

निवृत्त_वायरमन
वॉल्व्ह खराब नव्हता हो. तो आपलं काम करत होता.

बघा, पाणी तापलं की फुगतं. १००० लिटर पाणी २७ वरून ५५ ला नेलं की त्याचं जवळपास १०११ लिटर होतं. आधी हे ११ लिटर आल्या वाटेने वरच्या टाकीत सरकायचं, कोणाला पत्ता नाही. तुम्ही पंप लावला, पंपासोबत नॉन रिटर्न वॉल्व्ह आला, परतीची वाट बंद. मग ते ११ लिटर जाणार कुठे? पाणी काही दबत नाही, दाब वाढतो, सेफ्टी वॉल्व्ह थेंब सोडतो. इलाज डमी नव्हे, इलाज म्हणजे गार पाण्याच्या लाईनवर एक्सपान्शन टँक लावायचा, आत रबरी पिशवी आणि हवा असते, फुगलेलं पाणी त्यात मावतं. माप बसवणाऱ्याने दाबावरून काढायचं, अंदाजे उचलून आणायचं नाही.

आता भीती कसली ते सांगतो. तुमचा हा हीटपंप नुसता ६०-६५ च्या पुढे पाणी नेऊच शकत नाही, त्याचं स्वतःचं हाय प्रेशर कटआउट आधी पडतं. पण तो ६ किलोवॅटचा हीटर कुठेही थांबत नाही. त्याचा कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा पॅनेलमधला स्विच, चिकटला तर तो रात्रभर तापवत राहील. कोकणात कॉन्टॅक्टर चिकटायला काय लागतं? खाऱ्या दमट हवेने पॉइंट काळे पडतात, नाहीतर पाल आत जाऊन बसते. मी स्वतः एका लॉजमध्ये पॅनेल उघडलं तर कॉन्टॅक्टरच्या आर्मेचरमध्ये पालीचं शेपूट आणि वर मुंग्यांचं अख्खं वारूळ. अशा वेळी टाकीतलं पाणी दाबाखाली शंभरच्याही वर जातं, आणि टाकी उसवली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. १ लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ. विहिरीवर पाणी शेंदायला कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

हीटरचा आणि मशीनचा एमसीबी आत्ता खाली पाडा आणि वॉल्व्ह बसेपर्यंत वर करू नका. प्रेशर पंपही बंद ठेवा, शॉवर थोडे मंद येऊ देत.

किनाऱ्यावरचा_यजमान
दोन्ही पाडले. हात थरथरत होते खरं सांगतो. आई त्या टाकीच्या बाजूलाच कपडे वाळत घालते पावसाळ्यात, ऊब असते म्हणून.

गारवा_सर्व्हिस
काकांनी जीव वाचवलाय, आता लूपचं सांगतो. फ्लो स्विच बघतो की मशीनमधून पाणी खरंच वाहतंय का. वाहत नसेल तर मशीन बंद. तुमचा ट्रिप होत असेल, बसवणाऱ्याने कारण न शोधता लूप मारला. कारण बहुतेक वाय स्ट्रेनरमध्ये, म्हणजे पाईपातल्या गाळणीत असतं, विहिरीची माती, चिऱ्याची लाल पूड, कधी पाईप कापतानाचा प्लास्टिकचा कीस. तो उघडून धुवा, पाच मिनिटांचं काम. लूप ठेवला आणि पाणी फिरवणारा पंप अडकला तर एक्स्चेंजरमधलं (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) पाणी जागच्या जागी तापून मशीन हाय प्रेशरला ट्रिप होईल, आणि लोक रिसेट, रिसेट, रिसेट करत कॉम्प्रेसर मारतील. दुसरी गंमत तुमच्या बर्फाची. बर्फ धरला की मशीन डीफ्रॉस्ट करतं, म्हणजे थोडा वेळ उलटं फिरून पाण्यातली उष्णता घेऊन कॉइल वितळवतं. त्या वेळी पाणी वाहत नसेल तर प्लेट एक्स्चेंजरमध्येच पाणी गोठून प्लेटा फुटू शकतात. हर्णैला पाणी गोठून मशीन फुटलं असं सांगितलंत तर कोणी विश्वास ठेवेल का? पण झापामुळे तुम्ही त्या वाटेवर होतात.

मशीनखालचं पाणी मात्र गळती नाही, हवेतला दमटपणा आहे. पावसाळ्यात एवढ्या मशीनमधून तासाला ३-४ लिटर सहज पडतं. उताराने पाईप लावून माडाच्या आळ्यात सोडा. प्यायला नको.

मालवणी_झील
गो बाय, मी हसत होतंय आणि हय टाकी फुटूची वेळ इलेली. माझ्या तारकर्लीच्या मामाकडे पण डमी आसा काय ता बगूक होया. दुसरा एक विचारतंय, त्याचा मशीन समुद्रापासून शंभर पावलांवर, दुसऱ्या वर्षी जाळी हाताक लागली की भुगो. कित्याक?

गारवा_सर्व्हिस
तांब्याच्या नळीवर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये खारट ओलावा, म्हणजे घरचा बॅटरी सेलच. अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी होते. घेतानाच कोटिंग केलेली कॉइल मागायची, आणि जवळ भिंत असेल तर समुद्राकडून तिचा आडोसा घ्यायचा पण अंतर ठेवून, नाहीतर पुन्हा यजमानांचं खोपट. सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे गोडं पाणी. पंधरा दिवसांनी मेन बंद करून साध्या नळीने हळू धुवायचं, गाडी धुवायचा प्रेशर जेट मारला तर पत्रे झोपतात. आणि मे मध्ये किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात तेव्हा त्याच पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं. टाकीतही तेच, क्लोराईड (पाण्यातला मिठाचा अंश) वाढलं की ३०४ स्टीलला सुईच्या भोकांसारखी भोकं पडतात. टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारा दांडा) असेल तर वर्षाला एकदा काढून बघा, खडूच्या तुकड्याएवढा उरला असेल तर बदला. स्टँड साध्या लोखंडाचा रंग मारून नको, हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड घ्या, आणि काँक्रीटमध्ये बोल्ट. निसर्ग विसरलात काय?

सुरंगी
मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पाण्याचे नमुने आमच्याकडे येतात, म्हणून मध्येच बोलते. ५५ बद्दल कोणीच काही म्हणालं नाही. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, त्याला २० ते ४५ डिग्री आवडतं. यजमानांची टाकी महिनाभर ४४ वर होती म्हणजे त्याच्यासाठी पाहुणचारच. हा प्यायल्याने नाही, शॉवरचा बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो, न्यूमोनिया होतो, वयस्कर माणसांना जास्त. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या अधिवेशनानंतर माणसं दगावली, त्यातून याचा शोध लागला, हॉटेलवाल्यांनी म्हणूनच लक्षात ठेवावं. टाकी ६० ला ठेवा. जमत नसेल तर निदान आठवड्यातून एकदा सगळी टाकी ६० ला न्या. आणि खोल्या बंद असतील तर उघडण्याआधी प्रत्येक शॉवर पाच मिनिटं सोडा, आपण बाथरूमच्या बाहेर थांबून.

किनाऱ्यावरचा_यजमान
ताई पण ६० ला लहान मूल भाजलं तर?

सुरंगी
भाजेलच. ६० च्या पाण्याने मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. ५० ला तेच व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून साठवायचं ६० ला आणि नळाला द्यायचं ४०-४५ ला, मध्ये थर्मोस्टॅटिक मिक्सिंग वॉल्व्ह. बादलीत आधी गार मग गरम, हे प्रत्येक बाथरूममध्ये चिकटवाच, मुंबईची मुलं सरळ गरम नळाखाली हात धरतात.

किनाऱ्यावरचा_यजमान
शनिवारच्या २२ माणसांना पुरेल का मग? रविवारी दुपारी समुद्रावरून येतात, केसात वाळू, एकेक जण अर्धा तास.

गारवा_सर्व्हिस
माणशी ४० लिटर कोमट धरा, ८८० लिटर. ४० डिग्रीचं पाणी करायला ५५ चं निम्म्याहून थोडं कमीच लागतं, बाकी विहिरीचं गार. म्हणजे टाकीतलं ४००-४२५ लिटर. सगळे एकदम आंघोळीला गेले तरी टाकी निम्मी उरते. तुमचं मशीन धडधाकट असताना काही प्रश्नच नव्हता.

बंबवाला_आजोबा
माझा बंब त्या मशीनशेजारी ठेवला तर? लाईट गेली की बंब, आली की मशीन.

गारवा_सर्व्हिस
आजोबा, नाही. यजमानांच्या मशीनमधला गॅस पेट घेणारा नाही, पण हल्लीच्या बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-२९० असतो, तो म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरचाच भाऊ. आर-३२ पण थोडा पेट घेतो. हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो, खड्ड्यात, गटारात. जवळ विस्तव, चूल, बंब काही नको. आणि गावोगावचे काही मेकॅनिक स्वस्तात पडतं म्हणून साध्या मशीनमध्येच एलपीजी भरतात, ते दिसलं तर हात जोडून बाहेर काढा.

निवृत्त_वायरमन
विजेचं राहिलं. थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन वेगवेगळी अर्थिंग लागतात, एक नाही, नियमच आहे तो. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग लागता लागत नाही, खड्डा खोल करा, उन्हाळ्यात पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आरसीसीबी (करंट गळला की लाईट पाडणारा स्विच) हवाच. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवा, वादळात एक फेज गेला की मोटर जळते. आणि लाईनचं काम झाल्यावर मशीन घरघर करून पाणी तापवेनासं झालं तर फेज उलटा आलाय, स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो. लगेच बंद. दोन वायरी अदलाबदल करणं तुमचं काम नाही, माणूस बोलवा.

किनाऱ्यावरचा_यजमान
अपडेट. दापोलीहून दुसरा माणूस आणला. नवा सेफ्टी वॉल्व्ह लागला, त्याचा पाईप खाली जमिनीजवळ सोडलाय. एक्सपान्शन टँक लागला. लूप काढला तर मशीन लगेच फ्लोला ट्रिप, स्ट्रेनर उघडला, आत मूठभर लाल चिखल आणि एक मेलेला चतुर. धुतल्यावर चालू. गेज लावले, गॅस बरोबर आहे, एक ग्रॅमही भरावा लागला नाही. पहिल्या मेकॅनिकचा दोनदा फोन आला, उचलला नाही. बाहेर पाऊस, २६ डिग्री, आज पहाटे चारला लावलं, सात पंचविसाला ५५. आता ६० ला सेट केलंय, मिक्सिंग वॉल्व्ह पुण्याहून येतोय, तोपर्यंत सगळ्या बाथरूममध्ये पाटी.

बर्फाखालच्या जाळीचे काही पत्रे झोपलेत, ते कंगव्याने सरळ होतात का?

गारवा_सर्व्हिस
होतात, फिन कोंब म्हणून या पत्र्यांचा खास कंगवा मिळतो, त्याने. घरातल्या फणीने नको. मेन बंद करून, हळूच, वरून खाली.

किनाऱ्यावरचा_यजमान
बरं. झाप गोठ्यावर घातले. आई विचारतेय दही आता कुठे ठेवू.